पॉवर सप्लाय स्वतःला वाचवतो, वायरला कोण वाचवणार?

१२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एक एसएमपीएस, म्हणजे मेन्सच्या विजेचं डीसी करून देणारा पॉवर सप्लाय, घ्या. त्याला ३ मीटर लांबीची, ०.२ चौरस मिमीची बारीक वायर लावून पलीकडच्या टोकाला एलईडी पट्टीचा छोटा तुकडा जोडला आहे. पट्टी जेमतेम १ अँपिअर घेते. वायर गार आहे, सगळं सुरळीत चाललंय. मग एके दिवशी पट्टीजवळ प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटतात. काय होईल? बहुतेक जण म्हणतील, सप्लायला शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन आहे, तो बंद पडेल.

आकडेमोड करून बघू. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७२ ओहम असतो. आपली वायर त्याच्या एक पंचमांश, म्हणून तिचा रोध मीटरला ०.०८६ ओहम. करंट ३ मीटर जातो आणि ३ मीटर परत येतो, म्हणजे एकूण ६ मीटरचा रोध ०.५२ ओहम. १२ ला ०.५२ ने भागलं की येतात सुमारे २३ अँपिअर. सप्लायच्या लेखी हा शॉर्ट नाहीच. ३० च्या आतला नेहमीचा लोड आहे. तो निमूटपणे २३ अँपिअर पुरवत राहतो आणि जेमतेम दोन-तीन अँपिअर सोसणाऱ्या वायरीत पावणेतीनशे वॅट उष्णता ओततो. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे करंट थोडा उतरतो हे खरं, पण आवरण वितळायला आणि शेजारचं लाकूड किंवा कापड पेटायला उरलेली उष्णता पुरून उरते.

सप्लायमधलं संरक्षण सप्लायसाठी असतं. त्याच्या बाहेर लावलेली वायर किती बारीक आहे, किती लांब आहे, पुढे कुठे फाटे फुटलेत, हे त्याला कळायला मार्गच नाही. वायर आणि तिचा रक्षक यांची जोडी आपल्यालाच जमवावी लागते. ती कशी जमवायची, ते पुढे सांगतो.

वायर किती जाड

वायर निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ती किती तापेल? आणि तिच्यात किती व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील? मेन्सच्या २३० व्होल्टवर थोड्या अंतरासाठी पहिला प्रश्न बहुधा पुरतो. कमी व्होल्टच्या डीसीत मात्र दुसराच आधी आडवा येतो. कारण साधं आहे. १२० वॅटसाठी २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर १० अँपिअर आणि ५ व्होल्टवर तब्बल २४.

समजा १२ व्होल्टवर १० अँपिअरचा लोड दीड मीटरवर आहे आणि वायर ०.७५ चौरस मिमीची आहे. जाऊन-येऊन ३ मीटर, रोध ०.०६९ ओहम, म्हणजे ०.६९ व्होल्ट वायरीतच गेले आणि जवळजवळ ७ वॅट उष्णता झाली. लोडला ११.३ व्होल्ट मिळाले. बऱ्याच उपकरणांना ते चालतात. पण याच वायरीतून ५ व्होल्टवर १० अँपिअर नेले तर लोडला ४.३ व्होल्टच पोचतील आणि कुठलाही कंट्रोलर बोर्ड अडखळेल, आपोआप रीसेट होईल. सप्लायवरचा डिस्प्ले तेव्हाही नेमके ५.०० व्होल्टच दाखवत असतो, म्हणून माणूस तासन्तास भलतीकडे दोष शोधत बसतो. वायर २.५ चौरस मिमीची केली की हीच घट ०.२१ व्होल्टवर येते आणि उष्णता २ वॅटवर.

लांबी मोजताना परतीचा रस्ता विसरणं ही यातली सगळ्यात जास्त आढळणारी गफलत. मायनसच्या वायरीतूनही तेवढाच करंट वाहतो. प्लसला जाड वायर आणि मायनसला हाताला लागेल ती, असं करून चालत नाही.

तापण्यासाठी एक भरवशाचा आधार आहे. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या मानकात लवचीक कॉर्डसाठी किमान जाडी ठरवून दिली आहे. ६ अँपिअरपर्यंत ०.७५ चौरस मिमी, १० पर्यंत १, १६ पर्यंत १.५, २५ पर्यंत २.५ आणि ३२ पर्यंत ४. मोकळ्या हवेतल्या साध्या वायरीसाठी हे आकडे डोक्यात ठेवायला पुष्कळ झाले. वायरीवर गेजचा आकडा असेल तर १८ गेज म्हणजे ०.८२ चौरस मिमी, १४ गेज म्हणजे २.०८ आणि १० गेज म्हणजे ५.२६. गेजचा आकडा ३ ने कमी झाला की तांबं साधारण दुप्पट होतं.

हे आकडे मोकळ्या वायरीचे आहेत, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. दहा वायरींचा घट्ट जुडगा बांधला किंवा केबल पट्टीत कोंबली की आतल्या वायरींची उष्णता बाहेर पडत नाही. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल पूर्ण न उलगडता जास्त लोड दिला तर आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटू शकतात, मग बाहेरचा वेढा हाताला नुसता कोमट लागत असला तरी. अशा वेळी एक जाडी वर जाणं शहाणपणाचं.

आवरणावर जाऊ नका

वायर हातात जाड लागते म्हणून तांबं जाड असतं असं नाही. बेंचवर वापरायच्या तयार लीड्सच्या बाबतीत मी हे मुद्दाम ठासून सांगतो. एका टोकाला ४ मिमीची बनाना पिन, दुसऱ्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप, मध्ये बोटाएवढं मऊ रबरी आवरण. कापून बघितलं तर आत केसासारख्या पंधरा-वीस तारा निघतात. शिवाय त्या तारा निखळ तांब्याच्या असतीलच असंही नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास विकल्या जातात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. वारंवार वाकवल्या की तारा तुटत जातात आणि उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. ओळखायची युक्ती अशी: एक तार ब्लेडने हलकेच खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. फक्त एक सावधगिरी. कथिलाचा मुलामा दिलेली चांगली तांब्याची वायर वरून चंदेरी आणि आतून तांबडी असते, म्हणून पृष्ठभाग पाहून ठरवू नका, आतलं बघा.

याहून पक्की चाचणी मीटरनेच होते. बेंच सप्लायची, म्हणजे व्होल्टेज आणि करंटची मर्यादा हवी तशी लावता येणाऱ्या सप्लायची, करंट लिमिट २ अँपिअरवर लावा, व्होल्टेज अगदी कमी ठेवा आणि ती लीड आउटपुटच्या प्लस-मायनसमध्ये जोडून थेट शॉर्ट करा. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची दोन टोकं लीडच्याच दोन बाजूंना टोचा. सप्लायच्या टर्मिनलवर नाही, नाहीतर पिनेच्या जोडाचा रोधही मोजला जाईल. १ चौरस मिमीची १ मीटर अस्सल तांब्याची वायर असेल तर ३४ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. आवरणावर १ चौरस मिमी छापलंय आणि मीटर ५५ दाखवतोय, तर आत काय भरलंय ते कळलंच. मग मीटरचं एक टोक वायरीवर आणि दुसरं पिनेच्या धातूवर ठेवून तेवढ्या जोडाचाही रोध मोजता येतो. नवी लीड वापरात घेण्याआधी पाच मिनिटं काढून हे एकदा करावंच.

आवरण कशाचं आहे हा प्रश्नही महत्त्वाचा, पण त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत, क्रॉसलिंक्ड पॉलिथिन ९० पर्यंत, सिलिकॉन १८० पर्यंत चालतं. १०५ अंश छापलेलं पीव्हीसीही मिळतं. हा आकडा तांब्याच्या तापमानाचा आहे आणि त्यात भोवतालचं तापमान आधीच धरलेलं असतं. बंद डब्यात ४५ अंश असेल तर साध्या पीव्हीसीला वर चढायला २५ च अंश उरतात. सिलिकॉन वायर उष्णता सोसते आणि थंडीतही लवचीक राहते, म्हणून लीड्ससाठी मला ती सगळ्यात आवडते. पण ती मऊ असते. पत्र्याच्या धारेवर घासली की चटकन कापली जाते. आणि आवरण १८० अंश सोसतं म्हणून बारीक वायरीतून जास्त करंट नेला, तर व्होल्टची घट तेवढीच राहते आणि ती उष्णता टोकाच्या प्लॅस्टिकच्या टर्मिनलपर्यंत पोचते. त्या प्लॅस्टिकला १८० अंश झेपत नाहीत.

जळतो तो जोड

वायर मधोमध क्वचितच जळते. जळतो तो जोड. एखाद्या ढिल्या स्क्रूखाली किंवा सैल बनाना पिनेत १० मिलिओहम रोध असेल तर १० अँपिअरला तिथे १ वॅट उष्णता होते, २० अँपिअरला ४ वॅट. वायरीच्या मीटरभर लांबीवर पसरलेले ४ वॅट काहीच नाहीत. तेच ४ वॅट नखाएवढ्या जागेत सोल्डरिंग गनच्या टोकासारखे काम करतात. शिवाय तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, स्प्रिंगचा ताण जातो, रोध आणखी वाढतो, आणि जोड आणखी तापतो. पिनेजवळचं प्लॅस्टिक पिवळसर, मग तपकिरी होत गेलेलं दिसलं तर हे चक्र सुरू झालंय. तो जोड बदलावा. घासून परत बसवलेली पिन फार दिवस टिकत नाही.

बहुतारी वायर स्क्रू टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी टोकाला सोल्डर लावायची सवय अनेकांना असते. काम नीटनेटकं दिसतं, पण सोल्डर हा मऊ धातू आहे. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू पसरत जातो आणि काही महिन्यांत घट्ट आवळलेला स्क्रू आपोआप ढिला होतो. याऐवजी फेरूल, म्हणजे पातळ धातूची नळी, वायरीच्या टोकावर चढवून योग्य पकडीने क्रिंप करावी. बोल्टच्या टर्मिनलला लग, म्हणजे भोक असलेली धातूची चकती, लावावा. क्रिंप नीट झालाय की नाही ते कसं ओळखायचं? वायर जोरात ओढा. निघाली तर तो क्रिंप नव्हताच.

बनाना पिनांच्या बाबतीत एवढंच की त्यांच्यावर छापलेला करंट बघा. ४ मिमीच्या पिना १० अँपिअरच्याही असतात आणि ३२ च्याही, आणि दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. क्रोकोडाइल क्लिप दातांच्या दोन-तीन टोकांवरच टेकते, म्हणून ती तात्पुरत्या कामासाठी. ५ अँपिअरच्या वर आणि रात्रभर चालणाऱ्या चाचणीला तिच्यावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्यूज वायरीसाठी असतो

फ्यूज उपकरण वाचवतो अशी समजूत इतकी रुजलेली आहे की तिच्यापायी फ्यूज चुकीच्या जागी बसतो. एखादी चिप बिघडायला काही मायक्रोसेकंद पुरतात, फ्यूज तेवढा चपळ नसतो. फ्यूजचं खरं काम आहे वायर पेटू न देणं. हे एकदा मान्य केलं की त्याची जागा आपोआप ठरते. वायर जिथून सुरू होते तिथे, उगमापाशी. लोडजवळ लावलेला फ्यूज वाटेत कुठे वायर सोलून चिकटली तर काहीच करू शकत नाही, कारण तो करंट त्याच्यापर्यंत जातच नाही. एका मोठ्या सप्लायमधून पाच बारीक फाटे निघत असतील तर प्रत्येक फाट्याला त्याच्या जाडीनुसार वेगळा फ्यूज हवा. जाड वायर जिथे बारीक होते, तिथे नवा फ्यूज. सुरुवातीच्या उदाहरणात सप्लायपाशी २ अँपिअरचा फास्ट फ्यूज असता तर २३ अँपिअर म्हणजे त्याच्या ११ पटींहून जास्त. असा फ्यूज १० पट करंटला २० मिलिसेकंदांच्या आत उडतो. वायरीला गरम व्हायलाही वेळ मिळाला नसता.

फ्यूजचा आकडा निवडताना एक गोष्ट माहीत नसली तर सगळा हिशेब चुकतो. फ्यूज त्याच्यावर छापलेल्या करंटला उडत नाही. आयईसी ६०१२७ मानकाचा, जास्त तोडक्षमतेचा (म्हणजे मोठा शॉर्ट करंटही न फुटता तोडणारा) ५ बाय २० मिमीचा फास्ट फ्यूज दीडपट करंट किमान तासभर वाहू देतो. २.१ पट करंटलाही त्याला अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे. अमेरिकी यूएल मानकाचा हिशेब वेगळा आहे, तिथे १.३५ पटीला तासाभरात उडायला हवा. म्हणून एकाच आकड्याचे दोन फ्यूज सारखे वागतीलच असं नाही. मी असा हिशेब धरतो: लोडचा कायमचा करंट फ्यूजच्या पाऊण पटीपेक्षा जास्त नको, आणि वायरीची क्षमता फ्यूजच्या किमान दीडपट हवी. लोड ६ अँपिअरचा असेल तर फ्यूज ८ चा. दीडपटीने १२ होतात, म्हणजे १६ अँपिअर सोसणारी १.५ चौरस मिमीची वायर बिनघोर चालेल. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहते. विनाकारण फ्यूज उडत नाही आणि वायरही जळत नाही.

फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकण्याआधी त्याचा प्रकार तपासा. मोटर किंवा मोठा कपॅसिटर असलेला लोड सुरू होताना क्षणभर पाच-दहा पट करंट ओढतो. अशा जागी फास्ट फ्यूज उडणारच. तिथे त्याच आकड्याचा स्लो फ्यूज लागतो, त्याच्या टोपीवर टी अक्षर असतं, फास्टवर एफ. आकडा न वाढवता प्रकार बदलला की वायरीचं संरक्षण तसंच राहतं.

आता डीसीची गोष्ट. एसी करंट ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो आणि फ्यूज उडताना पेटलेला आर्क, म्हणजे हवेतून वाहणारी सलग ठिणगी, तिथे विझतो. डीसीला शून्य नाही. तार वितळली तरी तिच्या दोन टोकांमध्ये आर्क जळत राहू शकतो. २५० व्होल्ट एसी छापलेला काचेचा फ्यूज डीसीला किती व्होल्टपर्यंत चालेल ते वेगळं तपासावं लागतं. मोटारगाड्यांचे रंगीत ब्लेड फ्यूज बहुधा ३२ व्होल्ट डीसीचे असतात. १२ आणि २४ ला उत्तम, पण ४८ व्होल्टच्या बॅटरीला ते लावू नयेत. स्विच, रिले आणि एमसीबीलाही हेच लागू. डीसीसाठी बनवलेल्या काही एमसीबींना तर प्लस-मायनसची दिशा असते. उलट जोडली तर आर्क विझवणारं चुंबक आर्कला चुकीच्या बाजूला ढकलतं.

तोडण्याची क्षमता हा आणखी एक आकडा, जो सहसा कुणी बघत नाही. काचेच्या साध्या फ्यूजची तोडक्षमता ३५ अँपिअर किंवा त्याच्या आकड्याच्या १० पट, यातलं जे जास्त असेल ते. वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजची १५०० अँपिअर. सप्लाय १० अँपिअरवर थांबणारा असेल तर काचेचा चालून जातो. पण उगम बॅटरी असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. बॅटरीला करंट लिमिट नसते. मोठी लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारांत करंट देऊ शकते, आणि अशा वेळी काचेचा फ्यूज उडत नाही, फुटतो. सप्लायने बॅटरी चार्ज करत असाल तर फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपाशी हवा, सप्लायपाशी नाही. त्या वायरीला दोन्हीकडून करंट मिळतो आणि धोकादायक बाजू बॅटरीची आहे.

आपोआप पूर्ववत होणारा पीटीसी फ्यूज छोट्या फाट्यांना सोयीचा असतो. पण तो संथ असतो, उन्हाळ्यात कमी करंटला ट्रिप होतो आणि ट्रिप झाल्यावरही थोडा करंट गळू देतो. यूएसबीच्या पोर्टला ठीक. आग रोखायचा एकमेव उपाय म्हणून तो वापरू नका.

बेंच सप्लायची करंट लिमिट

३० व्होल्ट ५ अँपिअरच्या बेंच सप्लायला ७ अँपिअर सोसणारी लीड लावली तर वायरीपुरती चिंता मिटली, तो ५ च्या वर जाणारच नाही. लोडची चिंता मात्र उरते. आउटपुटला आत कपॅसिटर असतात. लिमिट २० मिलिअँपिअरवर लावून, व्होल्टेज ३० ठेवून एखादा एलईडी टेकवला, तर लिमिट जागी होण्याआधी तो कपॅसिटर त्याच्यात रिकामा होतो. आधी जोडा, मग आउटपुट सुरू करा. ओव्हरव्होल्टेजची मर्यादा असेल तर ती लोडच्या गरजेपेक्षा जरा वर लावून ठेवा. घाईत नॉबला हात लागला तरी बोर्ड वाचतो.

रिमोट सेन्सच्या दोन जादा वायरी लोडपाशी व्होल्ट मोजून वायरीतली घट भरून काढतात. फार उपयोगी सोय आहे. तिच्याकडून दोन चुकीच्या अपेक्षा ठेवल्या जातात. एक, वायर बारीक चालेल. नाही चालणार. घट भरून निघते, उष्णता तेवढीच होते. दोन, जोडून दिलं की काम झालं. सेन्सची वायर सुटली तर सप्लायला वाटतं लोडला व्होल्टच मिळत नाहीत, आणि आतलं संरक्षण नसेल तर तो व्होल्टेज वाढवत नेतो. मुख्य वायर सुटली आणि सेन्सची तशीच राहिली तर लोडचा करंट त्या बारीक वायरीतून जाऊ बघतो. म्हणून मुख्य वायर आधी जोडायची आणि शेवटी काढायची.

मेन्सची बाजू

इथला भाग जाणकारानेच उघडावा. २३० व्होल्टच्या एसीचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं आणि प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर तेवढ्याला भरलेला राहू शकतो. पण कुठला घटक काय करतो हे सगळ्यांना माहीत असावं, कारण दुरुस्तीत इथेच चुकीचे पर्याय बसवले जातात.

फ्यूज फेजमध्ये, सगळ्यांच्या आधी. त्यानंतर एमओव्ही, एक निळसर चकती, जी व्होल्टेजची उसळी स्वतःवर घेते. १४डी४३१ म्हणजे १४ मिमी व्यासाची, ४३० व्होल्टला वाहू लागणारी, २७५ व्होल्ट एसीवर कायम राहू शकणारी. मेन्स वरचेवर वाढत असेल तर ४७१ ची, म्हणजे ३०० व्होल्ट एसीची बरी. प्रत्येक उसळीबरोबर एमओव्ही थोडी झिजते आणि शेवटी शॉर्ट होऊन तापते. ती फ्यूजच्या पुढे असणं म्हणूनच सक्तीचं. त्यानंतर एनटीसी, जो सुरू होतानाचा धक्का आवरतो. ५ ओहमचा असेल तर रिकाम्या कपॅसिटरकडे धावणारा करंट ६५ अँपिअरच्या आत राहतो. तापल्यावर त्याचा रोध जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे चालू सप्लाय बंद करून लगेच परत सुरू केला तर तो धक्का आवरू शकत नाही. मिनिटभर थांबावं.

फेज आणि न्यूट्रलमधला कपॅसिटर एक्स वर्गाचा असतो, फेज आणि अर्थमधला वाय वर्गाचा. ही अक्षरं नुसती शोभेची नाहीत. एक्स शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. वाय शॉर्ट झाला तर पत्र्याच्या डब्यावर फेज येतो आणि मधे माणूस असू शकतो. म्हणून एक्स२ ची चाचणी २५०० व्होल्टच्या धक्क्याची आणि वाय२ ची ५००० ची. तेवढ्याच मूल्याचा साधा कपॅसिटर तिथे बसवणं हा जिवाशी खेळ आहे. पत्र्याच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थ तुटलेली आहे आणि वाय कपॅसिटरमधून गळणारा करंट तुमच्यातून जातोय. अर्थ आधी जोडा, मग बाकीचं. अर्थची हिरवी-पिवळी वायर डब्यात बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवतात. केबल ओढली गेली तर फेज आधी सुटावा आणि अर्थ शेवटी.

लोडच्या तोंडाशी

उलट जोडणी हा लोडचा सगळ्यात मोठा वैरी. सरळ डायोड लावला तर काम होतं, पण १० अँपिअरला कमी घटीचा शॉट्की डायोडसुद्धा अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे ५ वॅट. १० मिलिओहमचा पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, तेच काम १ वॅटमध्ये करतो. जिथे घट अजिबात नको, तिथे फ्यूजच्या पुढे उलट डायोड समांतर लावतात. चुकीचं जोडलं की डायोड शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो.

व्होल्टेजची क्षणिक उसळी अडवणाऱ्या टीव्हीएस डायोडबद्दल गैरसमज फार. १३ व्होल्टचा एसएमबीजे१३ए लावला की व्होल्टेज १३ वर अडेल असं वाटतं. १३ हा त्याचा शांत बसण्याचा आकडा आहे. पूर्ण धक्क्याला तो साडेएकवीस व्होल्टपर्यंत जाऊ देतो. त्याच्या मागचा रेग्युलेटर २४ व्होल्ट सोसणारा असेल तरच जोडी जमली. आणि १२ व्होल्टचा म्हणवणारा सप्लाय बॅटरीसाठी १३.८ वर चढवला जात असेल तर १५ चा टीव्हीएस लागेल, नाहीतर त्याची शांत बसण्याची मर्यादा कायम ओलांडलेली राहील.

रिले, सोलेनॉइड यांच्या कॉइलला उलटा डायोड हवाच, कॅथोड प्लसकडे. मोटर थांबताना जनरेटर बनते आणि वीज सप्लायकडे ढकलते. बहुतेक सप्लाय करंट देऊ शकतात, घेऊ शकत नाहीत, त्यामुळे आउटपुटचं व्होल्टेज वर चढतं. सप्लाय आणि मोटरच्या मधे एक रोखणारा डायोड आणि मोटरच्या बाजूला टीव्हीएस लावल्याने दोघंही वाचतात.

लांब वायरीला रोधासारखंच इंडक्टन्सही (करंटमधल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतं, एकमेकींपासून दूर पसरलेल्या वायरींना ढोबळमानाने मीटरमागे १ मायक्रोहेन्री. चालू २४ व्होल्टवर लोड खुपसला आणि लोडला तोंडाशी फक्त सिरॅमिक कपॅसिटर असतील, तर वायर आणि कपॅसिटर मिळून झोके घेतात आणि क्षणभर व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं. ३६ व्होल्टची चिप तिथेच जाते, आणि मागे कुठलीही खूण उरत नाही. प्लस-मायनसच्या वायरींना पीळ द्या आणि सिरॅमिकच्या शेजारी एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ठेवा. त्याचा अंगभूत रोध हे झोके शांत करतो.

सगळं जोडून झालं की पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा, शेवटी ज्या डब्यात बसवायचं आहे त्याच डब्यात, झाकण लावून. चालू असतानाच कमी व्होल्टच्या बाजूच्या प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजून लिहून ठेवा. मग बंद करा आणि त्याच बाजूच्या पिना, टर्मिनल, फ्यूज होल्डर यांना लगेच बोट लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तो जोड साठ अंशांच्या आसपास किंवा वर आहे आणि तो सुधारायचा आहे. काही आठवड्यांनी सप्लाय बंद करून स्क्रू एकदा आवळा, नवी बहुतारी वायर दाबाखाली बसत जाते. तेच मिलिव्होल्ट परत मोजा. लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा एखादा जोड दुप्पट दाखवत असेल, तर वास किंवा धूर यायच्या आधीच तो सापडला.